बांधाचा पहिला दगड

लांज्याहून दीड कोसावर जांभुळवाडी आणि शेरीवाडी अशा दोन वाड्या समोरासमोर आहेत आणि त्यांच्या मधून एक पऱ्या वाहतो. पावसाळ्यात या ओढ्याला धरबंध नसतो आणि चैत्रात त्याच्या तळाशी खेकडासुद्धा राहायला तयार होत नाही. मधल्या चार-पाच महिन्यांत मात्र त्याच्याच पाण्यावर दोन्ही वाड्यांचं वायंगण पिकतं. वायंगण म्हणजे थंडीतलं भात. ते पिकलं तर पुढच्या पावसाळ्यात चुलीवर पेज शिजते, नाही पिकलं तर मुंबईला असलेल्या माणसाच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसायचं. म्हणून दर कार्तिकात, कापणी उरकली की, दोन्ही वाड्या मिळून पऱ्याला बांध घालत. दगड, माती आणि झाडांचे टहाळे एवढंच त्या बांधाचं सामान. आषाढातल्या लोंढ्याबरोबर तो वाहून जाई आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा घालावा लागे.

जांभुळवाडीच्या येसूबाईला या बांधाचा राग होता. त्या पाण्यापायीच तिचा थोरला मुलगा रघू गेला होता, आणि त्याच पाण्यात दर वर्षी पहिला दगड ठेवायला तिलाच उतरावं लागत होतं.

ते घडलं एकोणीसशे बावीस साली. त्या वर्षी पावसाने भाद्रपदातच हात आखडता घेतला. पऱ्याला पाणी बेताचं, तेव्हा दोन्ही वाड्यांनी पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. पाळी ठरली की ती मोडणारा निघतोच. भर दुपारी रघू पाटाचं तोंड बंद करायला गेला, तर शेरीवाडीचा धाकू तिथे पाणी आपल्या शेताकडे वळवत होता. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, शिमग्यात एकाच खेळ्यात नाचणारे. शब्दाला शब्द लागला, कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला, आणि धाकूच्या हातातला कुदळीचा दांडा रघूच्या कानशिलावर बसला. एकच घाव. रघू पाटात आडवा झाला आणि त्याच्या अंगावरून पाणी दोन्हीकडच्या शेतांत पसरलं. त्या दिवशी कुणाची पाळी होती, हे पुढे कोर्टातसुद्धा नक्की ठरलं नाही.

धाकूला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. पण सरकारने एका माणसाला आत टाकलं म्हणून बाहेरच्या सत्तर-ऐंशी माणसांची डोकी थंड होत नाहीत. पुढचं वर्षभर दोन्ही वाड्यांनी एकमेकांची गुरं कोंडली, गवताच्या उडव्या पेटवल्या, घातलेला बांध फोडला आणि दोन्हीकडची वायंगणं उभी वाळवली. शेवटी मधे पडला तो आत्माराम. हा येसूबाईचा चुलत दीर, वाडीचा गावकार म्हणजे प्रमुख. पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला आणि एका कानाने बहिरा होऊन परतलेला. त्याने दोन्ही वाड्यांना पऱ्याच्या काठावर बसवलं आणि निवाडा सांगितला. बांधाचा पहिला दगड मधल्या धारेत बसतो आणि तो एकट्याला उचलत नाही. तो पूर्वीपासून दोन्ही वाड्यांचा एकेक असे दोन मानकरी मिळून ठेवत आले. आता तो मान दोन घरांचा. ज्या घरातला माणूस गेला त्या घराने एका बाजूने उचलायचा आणि ज्या घरातून हात उठला त्या घराने दुसऱ्या बाजूने. ती दोन घरं पाण्यात उतरली, तर बाकीच्यांना भांडायला तोंड राहणार नाही.

येसूबाईचा नवरा रघूच्या आधीच गेलेला. धाकटा सदू बारा वर्षांचा. म्हणजे उतरायचं तिने. आणि पलीकडून उतरायचं धाकूच्या बापाने, आप्पाने.

"माजा पोरगा ग्येला आनि पाण्यात बी मीच उतरायचं?" तिने विचारलं होतं. "भावजी, ही शिक्षा मला कशापायी?"

"शिक्षा नाय गो," आत्माराम म्हणाला. "पन तू उतारली नाय तर आनखी कुनाचा तरी पोरगा जायल. कुनाचा, ते मला आज सांगता येत नाय."

न्याय म्हणून बघायला गेलं तर हा शुद्ध अन्याय होता, आणि तो करणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. पण गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं गावाला नेहमीच हलकं दिसतं.

पहिल्या वर्षी येसूबाईने आप्पाकडे बघितलंसुद्धा नाही. दगडाची एक बाजू तिने धरली, दुसरी त्याने, आणि गुडघाभर पाण्यातून दोघं चालत गेली. दगड बसला की काठावरची माणसं खाली उतरत, हातोहात दगडमाती जाई, आणि दुपारी दोन्ही वाड्या एका पंगतीला बसून भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण खात. येसूबाई त्या पंगतीला कधी बसली नाही. दगड ठेवायचा आणि ओल्या लुगड्याने घर गाठायचं, हा तिचा शिरस्ता. चौथ्या वर्षी आप्पा पाण्यात पहिल्यांदा बोलला. "हितं शेवाळ हाय, पाय जपून ठेव," एवढंच. सहाव्या वर्षी तिचा पाय खरंच घसरला आणि आप्पाने तिचं मनगट धरलं. घरी जाऊन तिने ते मनगट राख लावून तीनदा धुतलं. पुढच्या वर्षी म्हातारा स्वतः डगमगला, तेव्हा तिने आपण होऊन त्याचं कोपर धरलं. यापलीकडे त्या दोघांत काही झालं नाही. मुलांची नावं दोघांनी कधी काढली नाहीत.

अशी दहा वर्षं गेली. शेरीवाडीची चिमा जांभुळवाडीत सून म्हणून आली. शिमग्याची पालखी पुन्हा पऱ्या ओलांडून जाऊ लागली. लोक म्हणू लागले, मिटलं एकदाचं. येसूबाईचं काही मिटलेलं नव्हतं. कार्तिक जवळ आला की तिचं अन्न कमी होई आणि झोप उडे. पण हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग रावजीने डोकं चालवलं. रावजी जांभुळवाडीचाच, पण मुंबईला गोदीत कारकून, रोज वर्तमानपत्र वाचणारा, आणि गावाला आला की ते वाचलेलं सगळ्यांना ऐकवणारा. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट एकदा नीट करून टाकली की कायमची होते, असा त्याचा समज होता. बत्तीस सालच्या गणपतीत त्याने दोन्ही वाड्यांना बोलावून सांगितलं की मुंबईची मंडळी वर्गणी काढून पऱ्याला चुन्यात पक्का बांध घालून देतील. मग दर वर्षी कुणी पाण्यात उतरायला नको आणि पाण्यावरून तंटा व्हायला नको.

"तिकडे विलायतेत बघा," रावजी म्हणाला, "सगळ्या मुलखांनी एकत्र बसून कागदावर सह्या केल्यात. ह्यापुढे लढाई करायची नाही. संपलं!"

आत्मारामने चांगला कान पुढे केला. "सह्या करनारे दर वर्साला पाण्यात उतरतात काय?" त्याने विचारलं.

सगळे हसले. रावजीही हसला. बांध पक्काच घालायचा असं ठरलं. उठताना रावजी मुद्दाम येसूबाईपाशी आला आणि म्हणाला, "काकी, आता तुम्ही सुटलात." आणि खोटं कशाला सांगा, येसूबाईला रडू आलं ते आनंदाने. तिला वाटलं, देवाला एकदाची दया आली.

बत्तीसचा बांध दगड ठेवून जुन्याच पद्धतीने झाला, आणि तेहतीसच्या उन्हाळ्यात गवंडी आले. चुन्यातली भिंत उभी राहिली. मधे पाणी अडवायला लाकडी फळी. भिंत खरोखरच देखणी होती. त्या कार्तिकात येसूबाई घरी बसून राहिली, सुखाने जेवली, सुखाने झोपली.

पंगत मात्र त्या वर्षी झाली नाही. बांध घालायचा नव्हता, मग पंगत कशाची? दोन्ही वाड्यांच्या माणसांना पऱ्यापाशी एकत्र यायला कारणच उरलं नाही. फळी कुणी उचलायची आणि कुणी टाकायची, यावर पौषात कुरबुर सुरू झाली. पूर्वी असली कुरबुर बांध घालताना, खांद्याला खांदा लागलेला असताना, चेष्टेत निघून जायची. आता ती घरोघरी शिजू लागली. फळी शेरीवाडीची माणसं मुद्दाम वाकडी टाकतात, असं जांभुळवाडी म्हणे. शेरीवाडी काय म्हणे ते ऐकायला कुणी पलीकडे जातच नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या शिमग्यात पालखी पऱ्याच्या अलीकडूनच मागे फिरली, आणि चिमाला भावाच्या लग्नाला पाठवलं नाही.

त्याच फाल्गुनात येसूबाई शेतात असताना भिंतीकडून आरडाओरडा ऐकू आला. ती धावत गेली. भिंतीवर एका टोकाला सदू उभा होता, हातात कोयता. दुसऱ्या टोकाला शेरीवाडीचा बाळा, हातात दांडका. मधे फळी, आणि फळीखालून पाणी आपल्या वाटेने चाललेलं. सदू तेव्हा चोविशीचा होता. रघू गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. आत्मारामने येऊन दोघांनाही शिव्या घालून खाली उतरवलं, म्हणून त्या दिवशी निभावलं. येसूबाई मात्र घरच्या वाटेवर एका शेताच्या मेरेवर बसून राहिली. दहा वर्षं आपण पाण्यात काय ठेवत होतो, ते तिला त्या दिवशी कळलं.

पस्तीसच्या आषाढात पऱ्याने भिंतीच्या बगलेची माती खाल्ली आणि अख्खी भिंत तीन तुकड्यांत आडवी केली. रावजीने पत्र लिहिलं की चुना भेसळीचा निघाला असावा, वर्षभर धीर धरा, या खेपेला सिमेंट पाठवतो. त्याच श्रावणात आप्पा वारला. आणि त्याच्या बाराव्याला धाकू आला.

तो तुरुंगातून सुटून दोन-अडीच वर्षं झाली होती. तेवढे दिवस तो मुंबईत ओझी वाहत होता. गावाला तोंड दाखवायचा धीर झाला नव्हता. आता घरात आई एकटी, म्हणून तो राहिला. दिवसा बाहेर पडेना. आणि कार्तिक तोंडावर आला.

येसूबाई मागील दारी भात उकडत होती तेव्हा आत्माराम आला आणि खांबाला टेकून बसला. मोठ्या भांड्यातून वाफ येत होती. सदू पडवीत टोपली विणत होता.

"बांद घातल्याशिवाय गत नाय," आत्माराम म्हणाला. "सिमीट येयस्तवर वायंगण मरंल. पन तुला सांगतो येसूबाय, तू नाय म्हनालीस तर कुनी तुला बोल लावनार नाय. दोन्ही वाड्यांतलं दुसरं मानूस उबं करू. आप्पाच्या घरात आता धाकूच हाय. त्याच्यासंगं दगड धर असं म्हनायला माजी जीब रेटत नाय."

तिने भाताखालचा जाळ मागे ओढला. "दुसरी मानसं उबी केली तर बांद टिकल काय?"

"बांद टिकल."

"आनि बाकीचं?"

आत्मारामने बहिऱ्या कानाकडे बोट नेलं, जणू ऐकू आलं नाही. पण त्याला ऐकू आलं होतं. "काल टपालात रावजीचा कागद आलाय," तो म्हणाला. "लढाई करायची नाय म्हनून ज्यांनी सह्या केलेल्या, त्यातल्याच एकानं हबश्यांच्या मुलखावर तोफा चालवल्यात म्हनं."

सदू टोपली टाकून आत आला. "त्यो धाकू पाण्यात उतारला तर मी काय करीन ते माजं मला ठावं नाय," तो म्हणाला. "आये, तुला लाज नाय वाटनार? ज्या हातानं दादाला मारलान, त्याच हातासंगं दगड धरनार?"

"वाटंल," येसूबाई म्हणाली.

"मग?"

"रघूला पाटातनं उचलून आनला तवा त्येचं डोकं मी धरलं व्हतं. तुला तसं धरायची ताकद माज्यात नाय. आनि तू दुसऱ्या कुनाला तसा पाडलास, तर त्येच्या आयशीच्या दारात जायची बी नाय." ती भाताकडे वळली. "भावजी, कंचा दिवस धरलाय?"

सदू रागाने बाहेर निघून गेला. ठरलेल्या दिवशी सकाळी त्याने कोयता कमरेच्या आकड्याला अडकवला तेव्हा येसूबाई हातातलं काम टाकून दारात आली. "टहाळे तोडायला नको?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. टहाळे तोडायला सगळेच कोयते घेऊन येतात. तिला तो ठेव म्हणता येईना आणि ने म्हणता येईना.

काठावर दोन्ही वाड्या जमल्या होत्या, पण पूर्वीसारख्या मिसळून नाही. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. बाळा तिकडे पुढे उभा, सदू इकडे पुढे. भिंतीचे तुकडे पाण्यात तसेच पडले होते. येसूबाई पुढे आली तशी बायकांनी तिला वाट करून दिली.

धाकू पलीकडून पाण्यात उतरला. तेरा वर्षं येसूबाईच्या डोळ्यांपुढे होता तो पंचविशीचा, दंड फुगवून चालणारा धाकू. त्याच्या नावाने तळतळाट करायला तो तिला सोयीचा होता. समोरून येत होता तो पिकल्या केसांचा, खांदे वाकलेला माणूस, आणि पाण्यात पाय चाचपून ठेवायची त्याची रीत थेट आप्पाची. तिला त्याची कीव आली नाही. तिला वाटलं, माझा रघूही आता असाच पिकला असता. ते वाटलं आणि राग इतका उसळला की क्षणभर तिला काठावर परत चढावंसं वाटलं.

दगड अलीकडच्या काठाशी होता. ती वाकली. तो समोरून वाकला. दगड वर आला. त्याच्या हातांवर तुरुंगातल्या कामाचे घट्टे होते. दोन पावलं गेली, तिसरं टाकायच्या आत धाकू थांबला.

"काकी," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड वाकडंतिकडं झालं. सगळ्या गावादेखत तो रडू लागला. दगडाखालचा एक हात सोडून तो तिच्या पायांकडे झुकला.

ओझं एकदम तिच्याकडे कललं. काठावर कुणीतरी हळहळलं. सदू एक पाऊल पुढे आला, पाण्याच्या कडेपर्यंत, आणि त्याचा हात कमरेकडे गेलेला तिने बघितला. तेरा वर्षं तिने हेच मागितलं होतं, की हा माणूस कधीतरी माझ्या पायांवर पडू दे. आता तो पडत होता आणि तिला कळून चुकलं की त्याला पडू देऊन चालायचं नाही. तो पडला की गाव तिच्या तोंडाकडे बघणार. मग तिला ऊठ म्हणावं लागणार, पदराने डोळे पुसून माफ केलं म्हणावं लागणार, आणि सगळे पुन्हा म्हणणार, मिटलं एकदाचं. तिच्यापाशी माफी नव्हती. शोधूनही सापडली नसती. आणि माफी नाही म्हणून दगड टाकून दिला, तर सदूचा कमरेकडे गेलेला हात तिथेच थांबणार नव्हता.

"धाकू," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला आणि दोन्ही काठांना ऐकू गेला. "माजे पाय नको धरूस. दगड धर. मला येकटीला पेलत नाय."

सदू जागच्या जागी थांबला. धाकूने सोडलेला हात पुन्हा दगडाखाली घातला. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे त्याला डोळे पुसता आले नाहीत. तशीच ती दोघं, एक एक पाऊल चाचपत, मधल्या धारेकडे चालू लागली.